स्टेपनी ते सेन्सर: आपली गाडी आपण खोलायची का?

भिगवणहून बोलतोय. बाहेरची माणसं आमच्याकडे येतात ती फ्लेमिंगो बघायला आणि उजनीचे मासे खायला. पण आमचं गाव पुणे-सोलापूर हायवेवरचं, त्यामुळे इथं पक्ष्यांइतकीच गाड्यांचीही वर्दळ. आणि हल्ली कुठंही बंद पडलेली बाईक बघा, सीटवर मोबाईल टेकवलेला असतो. त्यातला माणूस म्हणत असतो, "आता हा बोल्ट ढिला करा." आणि इकडं पोरगं बोल्ट ढिला करत असतं.

जुनी मंडळी म्हणतात, हे नवीन फॅड आहे. मला तसं वाटत नाही. गाडी स्वतः खोलणं ही जुनीच सवय आहे. मध्ये ती सुटली आणि मोबाईलमुळे परत आली. घोळ झालाय तो वेळेचा. तोच आजचा विषय.

सुरुवात एका शब्दापासून करू. स्टेपनी. हा शब्द आपल्याला इतका घरचा झालाय की तो मुळात एका रस्त्याचं नाव आहे हे कुणाला सांगून पटत नाही. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. पंक्चर झालं की तिथंच रस्त्यात बसून टायर काढायचा, ट्यूब जोडायची. 1904 च्या सुमाराला ब्रिटनच्या वेल्स भागात डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढलं. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. रस्त्याचं नाव चाकाला पडलं, आणि ते आपल्याकडे राहिलं ते राहिलंच.

आता 1946 मध्ये या. इटलीत पियाजिओ कंपनीची व्हेस्पा आली. तिचा डिझायनर कोरादिनो दास्कानिओ हा मूळचा विमानं आणि हेलिकॉप्टरवाला. त्यानं स्कूटरचं पुढचं चाक एकाच बाजूनं धरलं, विमानाच्या चाकासारखं. का? तर चाक पटकन निघावं. म्हणजे पंक्चर झालं तर गाडीवाला ते स्वतः बदलणार, हे त्यानं धरूनच चाललं होतं!

हीच व्हेस्पा आपल्याकडे बजाजनं आणली. 1948 पासून बाहेरून आणून विक्री, 1959 मध्ये बनवायचं सरकारी लायसन्स. पुढं पियाजिओबरोबरचा करार संपला आणि 1972 मध्ये चेतक आली. तेव्हा स्कूटरचा नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची. एवढी वाट बघून आलेली गाडी माणूस जिवापाड जपणारच ना! त्यात ती टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची. मग डिकीत प्लगचा पाना, पॉलिश पेपर आणि एक जादा प्लग. गाडी चालू होईना? तिरकी करा, दोन मिनिटं थांबा, किक मारा. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नव्हते. वडलांचं बघून मुलगा शिकायचा.

आमच्या भागात आणखी एक शाळा होती. पाण्याचं इंजिन. 1980 च्या सुमाराला उजनी धरण पूर्ण झालं, भीमेचं पाणी पसरलं आणि काठावर ऊस आला. डिझेल इंजिनानं पाणी उपसायचं म्हणजे ते बंद पडलं की मिस्त्रीची वाट बघत बसणं परवडत नाही, पीक वाळतं. डिझेलच्या नळीत हवा धरली तर नट थोडा सैल करून ती कशी काढायची, हे शेतकऱ्याला यावंच लागायचं. आणि गंमत बघा, इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर बारामतीत 1999 मध्ये पियाजिओ स्वतःच आली आणि आपे रिक्षा बनवू लागली. तिच्यात काय होतं? एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. ज्यानं बांधावर इंजिन खोललंय त्याला आपे परकी वाटायचं कारणच नव्हतं.

मग ही सवय सुटली कशी? गाड्याच सुधारल्या. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. फोर-स्ट्रोक. प्लगची रोजची कटकट गेली. गाडी गॅरेजला टाकायची आणि संध्याकाळी आणायची, एवढंच आपल्याकडे उरलं. पाना घरातून कधी गेला ते कळलंही नाही.

तो परत आला मोबाईलमुळे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि गावागावात व्हिडिओ पोचले. ही साधी गोष्ट नाही हं! आधी गॅरेजमध्ये शिकायचं तर उस्तादाच्या हाताखाली वर्षं काढायची, चहा आणायचा, शिव्या खायच्या. आणि उस्तादाला पॉज करता येत नव्हतं. शिवाय गॅरेज म्हणजे मुलांचं राज्य. मुलगी स्कूटर चालवायची, पण ती खोलायला कोण शिकवणार? फोन कुणाला नाही म्हणत नाही.

आणि इथंच वेळेचा घोळ. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. बहुतेक बाईकमधून कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले, एक छोटा कॉम्प्युटर आला. त्याच वर्षी जानेवारीत चेतक परत आली, पण इलेक्ट्रिक. ना प्लग, ना किक, ना कार्ब्युरेटर. म्हणजे शिकवणारा घराघरात पोचला 2016 मध्ये, आणि शिकण्यासारखी सोपी गाडी शोरूममधून जायला लागली 2020 मध्ये. मध्ये जेमतेम साडेतीन वर्षं!

नवीन गाड्या वाईट आहेत का? मुळीच नाही. धूर कमी झाला, तो आपल्याच फुप्फुसात जात होता. प्रश्न एवढाच आहे की गाडीला काय झालंय हे सांगणारी माहिती कुणाच्या हातात असावी. फक्त कंपनीच्या, की गाडीवाल्याच्या आणि गावातल्या मिस्त्रीच्यासुद्धा? केंद्र सरकारनं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. त्यात मोबाईलबरोबर वाहनं आणि शेतीची अवजारंही आहेत. ट्रॅक्टरवर पोट असलेल्या आपल्या भागाला हे लागू पडतंच.

तोपर्यंत आपण काय करायचं? व्हिडिओ हात शिकवतो, कान शिकवत नाही. गाडी मिसिंग करतेय ते प्लगमुळे की पेट्रोलमधल्या कचऱ्यामुळे, हे त्या व्हिडिओतल्या माणसाला कसं कळणार? तो त्याची गाडी दुरुस्त करतोय. आधी दुखणं ओळखा, नाहीतर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बोल्ट हातानं दोन-तीन फेरे बसवा आणि मगच पाना लावा, म्हणजे आटे जाणार नाहीत. चेन, एअर फिल्टर, प्लग बिनधास्त करा. ब्रेक मात्र जाणत्या माणसाला शेजारी बसवून. आणि इलेक्ट्रिक गाडीचा बॅटरी पॅक अजिबात उघडू नका.

आणि हो, जवळचा मिस्त्री सोडू नका. त्याच्या कानात तीस वर्षांची इंजिनं साठलेली आहेत. तुम्हाला कोड वाचता येतो, त्याला आवाज. दोघं एका गाडीपाशी बसलात तर दोघांचंही काम होईल.

तुमच्या घरी अजून प्लगचा पाना आहे का? शोधा, आणि तो कुणी, कधी घेतला होता ते घरातल्यांना विचारा. भेटू पुढच्या भागात!