जाळीखालचं दोन इंच पाणी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत भूमिपूजनाचा, पहिल्या कमिटीचा, गणेशोत्सवाचा इतिहास येतो आणि तो यायलाच हवा. पण बाथरूमच्या जाळीखाली जे दोन इंच पाणी साठलेलं असतं, त्यालाही इतिहास आहे. घरात गटाराचा वास येऊ लागला की शोध तिथूनच सुरू करावा लागतो, म्हणून तो सर्व सभासदांना ठाऊक असावा.

सांडपाणी झाकलेल्या गटारातून घराबाहेर नेण्याची सोय मोहेंजोदडोलाही होती. अडचण एवढीच, की पाणी ज्या वाटेनं बाहेर जातं, त्याच वाटेनं वास आत येऊ शकतो. यावरच्या उपायाचं पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या लंडनच्या घड्याळजीनं घेतलं. शौचकूपाच्या नळीला त्यानं इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा बाक दिला. त्या बाकात थोडं पाणी कायम अडकून राहतं आणि खालच्या वायूची वाट बंद होते. आजच्या सगळ्या ट्रॅपचं मूळ या एका कल्पनेत आहे. आपल्याकडे मोरीत बसवतात त्याला तर ‘नहाणी ट्रॅप’ असंच नाव पडलं. आपली ओळखीची न्हाणी इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही जाऊन बसली आहे!

पण बाक देऊन काम संपलं नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला एवढी दुर्गंधी सुटली, की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरनं शहराखाली मोठी गटारं बांधली. घरं त्या गटारांना जोडली गेली आणि वासाचा प्रश्न रस्त्यावरून घरात आला. १८७१ साली इंग्लंडचा युवराज टायफॉईडनं मरता मरता वाचला. तो ज्या घरी पाहुणा म्हणून राहिला होता, तिथल्या गटाराच्या वायूवर ठपका आला. टायफॉईड दूषित अन्नपाण्यातून होतो हे पुढे पक्कं झालं, पण त्या भीतीपोटी लोक आपापल्या घरातले पाइप तपासू लागले.

ते कसे तपासत, हे वाचण्यासारखं आहे. एक माणूस गच्चीवर जाऊन मोठ्या पाइपात पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी ओतायचा. दुसरा खाली खोल्याखोल्यांतून वास घेत फिरायचा. ज्या कोपऱ्यात पेपरमिंटचा वास आला, तिथे गळती आहे असं समजायचं. अट एकच : तेल ओतणाऱ्यानं तपासणी संपेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर त्याच्या कपड्यांचाच वास सगळीकडे पसरायचा.

या सगळ्याचं आपल्याला आज काय? २००३ सालची गोष्ट पाहा. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सची साथ आली आणि तीनशेहून जास्त रहिवासी आजारी पडले. चौकशीत लक्ष गेलं ते बाथरूमच्या जमिनीतल्या ट्रॅपकडे. लोक फरशी धुण्याऐवजी नुसती पुसत होते, त्यामुळे अनेक ट्रॅप कोरडे पडले होते. एक्झॉस्ट पंखा लावला की पाइपातली हवा, तुषारांसकट, घरात ओढली जात होती, असा निष्कर्ष निघाला. उभ्या पाइपावर सगळे मजले एकमेकांना जोडलेले असतात. म्हणजे एका घरचं दोन इंच पाणी हा त्या एकाच घरचा प्रश्न राहत नाही.

म्हणून वास आला की वरच्यांशी भांडायच्या आधी क्रमानं शोध घ्यावा. आपलं नाक काही मिनिटांत वासाला सरावतं, तेव्हा बाहेरून आलेल्या माणसाला विचारावं. मग वापरात नसलेल्या बाथरूम, बाल्कनी, वॉशिंग मशीनच्या जागेतल्या प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओतावं. वास थांबला, तर ट्रॅप कोरडा होता. वर कुणी फ्लश केल्यावर आपल्याकडे गुडगुड आवाज येऊन पाणी खाली जात असेल, तर गच्चीवर उघडणारा व्हेंट पाइप तुंबला असण्याची शक्यता आहे. ते काम सोसायटीचं. वास कमोडच्या बुडाशीच येत असेल, तर सांधा तपासून घ्यावा. नूतनीकरणात ट्रॅप काढून टाकलाय का, एसीच्या पाण्याची नळी थेट ड्रेनेजच्या पाइपात सोडलीय का, हेही बघावं. तरीही उलगडा झाला नाही तर पेपरमिंटची युक्ती आजही चालते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. चेंबर किंवा सेप्टिक टँक बघायला कुणालाही आत उतरवू नये. तिथला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की नाकच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणून धोका गेला असं माणसाला वाटतं, आणि तिथेच घात होतो. सुरक्षा साधनांशिवाय असं कुणाला उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सफाईला यंत्रच बोलवावं.

आता आपल्या सोसायटीतली अनेक मुलं शिक्षणाला, नोकरीला बाहेर गेलीत. त्यांच्या खोल्या आणि बाथरूम बंद असतात, काही फ्लॅटना तर वर्षभर कुलूप असतं. बंद बाथरूममध्ये आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावं. गावी जाताना जाळीत पाणी ओतून वर चमचाभर गोडंतेल सोडावं, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. आणि किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून जावं.