चकती आणि खतावणीचा क्रम

संगणकाच्या साठवणसाधनांचा इतिहास बहुधा त्यांच्या सामावणशक्तीच्या आकड्यांवरून लिहिला जातो. १९५६ साली आय. बी. एम. कंपनीने जाहीर केलेल्या ‘रामॅक ३०५’ या यंत्राच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेल्या या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या मिनिटास १२०० फेरे घेत. साठवण मात्र ५० लक्ष अक्षरांचीच. एवढा मजकूर तत्कालीन चुंबकीय फितीच्या थोड्या रिळांवरही मावत असे, आणि तोही स्वस्तात.

मग नवे ते काय? फितीवरील एखादी नोंद गाठावयाची तर तिच्या आधीच्या सर्व नोंदी ओलांडाव्या लागत. म्हणून व्यवहार साचवून, क्रमाने लावून, एकदमच खात्यांत चढवीत. छिद्रित पत्त्यांच्या काळचीच ही रीत. रोजकीर्दीवरून सवडीने खतावणी मांडणाऱ्या पेढीवरील कारकुनास ती मुळीच परकी वाटली नसती. चकतीवरील वाचनशीर्ष मात्र सेकंदाच्या आत बहुधा हव्या त्या नोंदीपाशी पोहोचे, आणि व्यवहार घडताक्षणीच खाते बदलता येई. अमेरिकन एअरलाइन्सची ‘सेबर’ ही आसन-आरक्षणाची व्यवस्था १९६० नंतर उभी राहिली ती याच गुणावर.

१९७० साली, सॅन होझे येथील त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत असताना, एडगर कॉड यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: नोंदी कोठे व कोणत्या क्रमाने ठेविल्या आहेत, हे विचारणाऱ्यास ठाऊक असण्याचे कारणच नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. फीत मात्र नाहीशी झाली नाही. क्वचितच उघडावयाच्या संग्रहांसाठी ती आजही वापरात आहे.