'ग्रे'च्या ग्रंथातील कार्टर

'ग्रेज् अ‍ॅनाटॉमी' हा ग्रंथ १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील आकृत्या काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर (१८३१-१८९७) मुंबईत होता. लाकडी ठोकळ्यांवर उलट बाजूने चित्रे रेखाटणाऱ्या या तरुण शल्यवैद्याने अवयवांची नावे थेट अवयवांवरच लिहिली आणि विद्यार्थ्यांचे पाठांतर सुकर केले. त्याला एकरकमी १५० पौंड मिळाले. विक्रीवरचे मानधन ग्रेचे, आणि ग्रंथाचे नावही ग्रेचेच.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात कार्टरने शरीररचना शिकवली; पुढे साताऱ्यास तो सिव्हिल सर्जन झाला. 'मदुरा पाय' या नावाने ओळखला जाणारा विकार बुरशीमुळे होतो, असे त्याने मांडले. त्यावरील त्याचा ग्रंथ १८७४ सालचा. १८७७च्या दुष्काळकाळी मुंबईत पुनरावर्ती ज्वराची साथ आली, तेव्हा रुग्णांच्या रक्तातील सर्पिल जंतू त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. महारोगाचा अभ्यास तर त्याने दीर्घकाळ केला.

कार्टरवर अन्याय झाला, हे खरेच. परंतु आपण साहित्याचे अभ्यासक. कर्तृत्वाचा प्रश्न इथेच सोडता येत नाही. लंडनच्या विच्छेदनगृहातील बेवारस गरिबांचे देह, साताऱ्याच्या शेतकऱ्यांचे सुजलेले पाय, दुष्काळात मुंबईकडे आलेल्यांचे रक्त, यांवाचून यातील एकही पान लिहिले गेले नसते. कार्टरचे नाव निदान लहान अक्षरांत तरी उरले. त्यांचे तेवढेही उरले नाही.