दोन रिपोर्ट

परवा रात्री ११ वाजता मित्राचा फोन. पुढच्या महिन्यात लग्न, आणि हातात हर्पिसच्या रक्ततपासणीचे दोन रिपोर्ट. एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. "खरं कुठलं रे?"

मला वासरमान आठवला. १९०६ साली बर्लिनमध्ये त्याने गरमी ओळखायची रक्ततपासणी काढली. १९३५ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने लग्नाआधी अशी तपासणी सक्तीची केली. गंमत म्हणजे मलेरिया आणि कुष्ठरोगाचे काही रुग्णही तिच्यात पॉझिटिव्ह येत! ती जंतू बघतच नव्हती, रक्तातली प्रतिद्रव्यं बघत होती.

हर्पिसची रक्ततपासणीही प्रतिद्रव्यंच मोजते. विषाणूचे दोन प्रकार म्हणजे सख्खे भाऊ. जुन्या तपासण्या त्यांची गल्लत करत. आताच्या चांगल्या तपासण्या ते वेगळे ओळखतात, पण दुसऱ्या प्रकाराचा आकडा १.१ ते ३ च्या मधे आला तर बरेचदा खोटा निघतो. म्हणून २०२१ साली अमेरिकेच्या सीडीसीने अशा वेळी दुसऱ्या पद्धतीने पडताळा घ्यायला सांगितलं. उलट संसर्ग ताजा असेल, तर पहिले १२ आठवडे निगेटिव्हही फसवू शकतं.

मित्राचा आकडा १.६. म्हटलं, पडताळा घे, आणि तिला आजच सांग, दोन्ही कागद दाखवून. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "सांगतो."

असो. वासरमानच्या एका कागदावर तेव्हा किती लग्नं मोडली असतील, कोण जाणे.