खुनी सापडणारच!

आजचा एपिसोड 'सीआयडी'वर. हसू नका, हाही इतिहासच आहे.

सुरुवात दूरदर्शनवर झाली. 1980च्या दशकाच्या शेवटी बी. पी. सिंग यांनी मुंबई पोलिसांच्या खऱ्या केसेसवर 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका केली. त्यात पोलिस अधिकारी होते शिवाजी साटम, मूळचे बँकेतले. पुढे 21 जानेवारी 1998ला हीच जोडी हिंदीत 'सीआयडी' घेऊन सोनीवर आली.

साचा ठरलेला. प्रेत, डॉ. साळुंखेंची लॅब, खोटं बोलणारा नातेवाईक, दयाने तोडलेलं दार आणि शेवटी कबुली. 2004मध्ये तर 111 मिनिटांचा अख्खा भाग एकाच टेकमध्ये, एकही कट न घेता शूट केला. विक्रम झाला.

मी वडखळचा. गोवा हायवेवरून अलिबागचा रस्ता फुटतो ते आमचं गाव, कोंडीसाठी प्रसिद्ध. बाबा रात्री त्याच हायवेने घरी यायचे. उशीर झाला की आई 'सीआयडी' लावून बसायची. खुनी कोण, ते तिला दहा मिनिटांतच कळायचं. मी विचारायचो, "मग बघतेस कशाला?" ती म्हणायची, "गप बस."

आता कळतं. त्या रात्रीत शेवट माहीत असलेली तेवढी एकच गोष्ट होती.

2018मध्ये मालिका थांबली, डिसेंबर 2024मध्ये परत आली. आईला फरक पडला नाही. मी पुण्याहून निघालो की ती मोबाईलवर जुने भाग लावते. म्हणून पेणला पोचलो की मी आधी फोन करतो.

तुमच्या घरी कोण बघायचं? नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!