म्यूलर, गेर्ट
(३ नोव्हेंबर १९४५ – १५ ऑगस्ट २०२१). पश्चिम जर्मनीचा विख्यात फुटबॉलपटू. जन्म बव्हेरियातील नर्डलिंगन येथे. १९६४ मध्ये तो बायर्न म्यूनिक संघात आला. बुटका बांधा आणि जाड मांड्या पाहून प्रशिक्षकही प्रथम साशंक होता. गोलपुढच्या गर्दीत गर्रकन वळून मिळेल तसा चेंडू जाळ्यात धाडणे, हे त्याचे खरे कसब. त्याचे गोल क्वचितच देखणे असत. बुंडेसलिगात ४२७ सामन्यांत ३६५ गोल हा त्याचा विक्रम अजून अबाधित आहे. राष्ट्रीय संघाकडून ६२ सामन्यांत ६८ गोल. १९७४ च्या विश्वचषकात नेदर्लंड्सविरुद्धचा निर्णायक गोल त्याचाच. निवृत्तीनंतर मद्यासक्तीने ग्रासलेल्या म्यूलरला जुन्या सहकाऱ्यांनी सावरले. पुढे त्याने बायर्नच्या दुसऱ्या संघाला प्रशिक्षण दिले. अखेरची वर्षे अल्झायमरने व्यापली.