रेडिओ, सासर आणि नऊ धावा

क्रिकेटपुरतं बोलायचं तर रेडिओ बायकांचा होता आणि टीव्ही पुरुषांचा, असं माझं ठाम मत आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि आमचे वाईट दिवस आले. रेडिओला नुसते कान लागतात. हात तांदूळ निवडायला, कणीक तिंबायला, मुलाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला मोकळे. त्यामुळे घरातल्या बाईने दिवसभर कसोटी ऐकली तरी ती काही करतेय हे कोणाच्या ध्यानातही येत नसे.

आमची आई तशीच. चौरंगी आणि पुढे पंचरंगी सामने हे तिच्या माहेरच्या गोष्टींतलं मोठं प्रकरण. समालोचक तळ्यारखान एकटेच दिवसभर बोलत आणि माइक दुसऱ्या कोणाला देत नसत, हे ती आपल्याच काकांबद्दल सांगावं तसं सांगे. १९४६ नंतर पंचरंगी बंद झाले, पण रेडिओ राहिला. गिरगावातल्या आमच्या चाळीत आधी एकच मोठा रेडिओ होता. त्याचा परवाना दरवर्षी पोस्टात पैसे भरून नवा करावा लागे, आणि ज्यांचा रेडिओ त्यांच्या खिडकीखाली सामन्याच्या दिवशी भाजी निवडायला जरा जास्तच बायका बसत. मग ट्रान्झिस्टर आले आणि बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन थेट ओट्यापर्यंत पोचलं. जानेवारी १९६० मध्ये ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अर्धशतक काढून अब्बास अली बेग तंबूकडे परतत होता, तेव्हा एका मुलीने मैदानात धावत जाऊन त्याच्या गालाचा मुका घेतला. चाळीत ही गोष्ट इतकी वर्षं चघळली गेली, की आम्ही अकरावीत पोचलो तेव्हा ती मुलगी सगळ्यांना ठाऊक होती, बेगच्या धावा मात्र कोणालाच आठवत नव्हत्या.

आम्ही म्हणजे मी आणि समोरच्या बिऱ्हाडातली माझी मैत्रीण. तिचं नाव छापलेलं तिला खपणार नाही. २४ ऑगस्ट १९७१ ला ओव्हलवर वाडेकरच्या संघाने इंग्लंडला हरवलं, त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत सहा जणांना बाद करून इंग्लंडला १०१ वर गुंडाळलेलं. संध्याकाळची आरती त्या दिवशी जरा रेंगाळली, कारण टाळ ज्यांच्या हाती होते त्यांचे कान रेडिओकडे होते. इंग्लंडमध्ये आपला तो पहिलाच कसोटी विजय. जिंकणं असंच चालू राहणार, अशी आम्हा दोघींची समजूत झाली. तीन वर्षांनी लॉर्ड्सवर आपण ४२ धावांत आटपलो.

१९७७ साली सहा महिन्यांच्या अंतराने दोघींची लग्नं झाली. ती कऱ्हाडला गेली, मी डोंबिवलीला. लग्नानंतर नवऱ्याचे मित्र घरी यायचे ते येतच राहतात, बायकोच्या मैत्रिणींचं मात्र नाव बदलतं, पत्ता बदलतो, आणि त्या मंगळागौरीला किंवा हळदीकुंकवाला भेटल्या तर भेटल्या. ही रीत कोणी काढली ते माहीत नाही, पण मोडायचं कोणाच्या मनातही येत नसे. राहिलं पत्र. पोस्टकार्ड उघडं, आंतरदेशीय पत्रही घरात आधी कोण फोडेल याचा नेम नाही. सासू कशी आहे, जीव रमतो का, यातलं काही त्यात लिहिण्यासारखं नव्हतं. विश्वनाथ कसा बाद झाला हे मात्र बिनधास्त लिहिता यायचं. तिच्या सासऱ्यांनी म्हणे तिची पत्रं वाचून एकदा कौतुकाने म्हटलं, ‘सूनबाईंची मैत्रीण अगदी वर्तमानपत्रासारखं लिहिते.’

त्याच हिवाळ्यात बेदीचा संघ ऑस्ट्रेलियात होता. पहाटेचं समालोचन म्हणजे नव्या सुनेला देणगीच, कारण त्या वेळी घरात तिच्याखेरीज कोणी उठलेलं नसे. बंब पेटवायचा, ट्रान्झिस्टर अगदी हळू लावायचा. ब्रिस्बेनला १६ धावांनी हरलो, पर्थला दोन गडी राखून ते जिंकले. मेलबर्न आणि सिडनी आपण मारली. ॲडलेडला ४९३ हव्या होत्या, त्यांतल्या ४४५ झाल्या. कऱ्हाडला तीही याच वेळी चुलीपुढे हेच ऐकतेय, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मालिका ३-२ अशी गेल्यावर तिचं कार्ड आलं. मजकूर एकच: ‘जवळ जाऊन हरायची विद्या यांना कोण शिकवतं?’

खरी शिकवणी १९७९ ला झाली. गणपतीला दोघी माहेरी आलो होतो, तिची मुलगी कडेवर, माझा मुलगा पाळण्यात. ४ सप्टेंबर, अनंत चतुर्दशीची आदली रात्र. ओव्हलवर ४३८ हवेत, आणि गावसकर खेळतोय. चौहानबरोबर पहिल्या जोडीच्या २१३, मग वेंगसरकर आला आणि एका गड्याच्या मोबदल्यात ३६६ झाल्या. गॅलरीत अख्खी चाळ. उद्या विसर्जन आहे, मोदकांचं सारण करायचंय, याची कोणालाही शुद्ध नाही. वेंगसरकर गेला, आणि विश्वनाथऐवजी कपिल आला. तो शून्यावर गेला. यशपाल आला. विश्वनाथ तरीही आत बसलेला! गावसकर २२१ वर बाद झाला तेव्हा ३८९ झाल्या होत्या. त्यानंतर विश्वनाथ आला, पण तोवर ना षटकं हातात होती ना धीर. आठ बाद ४२९. नऊ धावा कमी, सामना अनिर्णित. कर्णधार वेंकटराघवनचा तो निर्णय आम्ही दोघींनी आजतागायत माफ केलेला नाही. त्या रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही गॅलरीत बोलत बसलो. विश्वनाथवरून सुरू झालेलं बोलणं तिच्या सासरी पोचलं, आणि पत्रांत दोन वर्षं न आलेलं सगळं बाहेर आलं.

पुढे टीव्ही घरोघर पसरला. १९८२ च्या एशियाडपाठोपाठ रंगीत संच आले, १९८३ ला विश्वचषक आला, आणि क्रिकेट ओट्यावरून उठून बाहेरच्या खोलीत गेलं. तिथे ह्यांचे मित्र बसत. मी आत, बटाटवड्यांपाशी. टाळ्या कशाबद्दल पडल्या ते विचारायला बाहेर यावं तोवर पुढचा चेंडू पडलेला असे. समालोचकही आता सगळं सांगेनासे झाले, दिसतंय तर सांगायचं कशाला? आणि वर ती जागा न सोडण्याची श्रद्धा. जोडी जमली की पुरुषांनी आपापल्या खुर्चीत दगडासारखं बसायचं, पाणीसुद्धा जागेवर. मग उठणार कोण? १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, श्रीलंकेविरुद्ध उपांत्य सामना, एक बाद ९८. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर पाऊल टाकलं आणि कालुवितरणाने सचिनला यष्टिचीत केलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तिथून आठ बाद १२० झाले, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइडने सामना श्रीलंकेला देऊन टाकला, कांबळी रडत परतला. एवढ्या सगळ्याला माझा चहा कारण, असं आमच्याकडे बरीच वर्षं मानलं जाई.

टीव्हीने जे नेलं ते टेलिफोनने थोडंफार परत दिलं. रात्री उशिरा एसटीडीचे दर पाव होत, तेव्हा बूथवर रांग लागायची. त्या मार्चच्या रात्री मीही त्या रांगेत होते. तिने फोन उचलला आणि ‘तू चहा नेलास ना?’ असं विचारलं. कऱ्हाडलाही तेच घडलं होतं, फक्त तिच्या ट्रेमध्ये सरबत होतं. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईत सचिन १३६ वर गेला आणि पाकिस्तानकडून बारा धावांनी हरलो, त्या संध्याकाळी तिचा एकच प्रश्न होता: ‘मोंगियाला एवढी घाई कसली होती?’

एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएचं मॅच-फिक्सिंगचं प्रकरण उघड केलं, वर्षअखेर अझरुद्दीनवर बंदी आली, आणि तिने क्रिकेट सोडलं. फोन चालूच होते, पण बोलायचं काय? मुलांचे बारावीचे मार्क, कोणाचं बीपी, बिल्डिंगच्या पाण्याची वेळ. चार मिनिटांत संपायचं. आपली मैत्री नेमकी कशावर उभी आहे अशी शंका येण्याइतके ते महिने कोरडे गेले. मार्च २००१ मध्ये कोलकात्याला फॉलोऑननंतर लक्ष्मण आणि द्रविड अख्खा दिवस खेळले, त्या रात्री तिचा फोन आला तो पाऊण तास. त्यातला लक्ष्मण फार तर दहा मिनिटं असेल. बाकी तिच्या मुलीच्या लग्नाबद्दलची काळजी होती, जी तिने वर्षभर कोणालाच सांगितली नव्हती.

मोबाइल आल्यावर प्रत्येकीच्या हातात आपापला पडदा आला आणि बाहेरच्या खोलीची सत्ता संपली. २०१७ ला लॉर्ड्सवर पूनम राऊतने ८६ काढल्या आणि तरी मिताली राजचा संघ विश्वचषकाची अंतिम लढत हरला. किती धावांनी? नऊ! ती बातमी मला तिने एका आकड्यात पाठवली. पुढे काही लिहायची गरज नव्हती.

२ नोव्हेंबर २०२५ ला आम्ही दोघी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होतो. तिच्या मुलीनेच तिकिटं काढून दिली. पावसाने सामना दोन तास उशिरा सुरू झाला, सत्तरीतल्या गुडघ्यांना पायऱ्या सोसेनात. शेफालीच्या ८७, दीप्तीचे पाच बळी, आणि वुल्फार्टचा झेल अमनजोतच्या हातांत दोनदा उडाला तेव्हा माझं मनगट हिने लाल केलं. दक्षिण आफ्रिका २४६ वर संपली, आपण विश्वविजेते. मध्यरात्री स्टेशनकडे जाणाऱ्या गर्दीत अनोळखी मुली आम्हाला मिठ्या मारत होत्या. ही मात्र कपाळाला आठ्या घालून चाललेली.

‘काय झालं गं आता?’

‘बावन्न धावा जरा जास्तच झाल्या,’ ती म्हणाली. ‘शेवटच्या षटकाची धाकधूकच राहिली नाही.’